बॉल डोक्यावरून जातो तेव्हा...

घरातला सोळा वर्षांचा फुटबॉलपटू गप्प झाला, की समजायचं मामला सीरियस आहे. मार्क कमी पडले तर तो दोन तासांत नॉर्मलला येतो. मोबाइल काढून घेतला तर घर डोक्यावर घेतो. पण मॅचवरून आल्यावर चिखलाचे बूट तसेच गॅलरीत फेकले, आंघोळ करून सरळ चादरीत शिरला आणि जेवायलाही उठला नाही... तर बॉस, काहीतरी जाम बिनसलंय!

आमच्या ऑफिसातल्या एका मित्राच्या धाकट्या भावाचं सध्या हेच चाललंय. आपण त्याला छोटू म्हणू. छोटू आठव्या वर्षापासून अॅकॅडमीत खेळतोय. घराजवळचं टर्फ, हिरवंगार आणि कॅरमबोर्डासारखं सपाट. तिथे त्याला एकच मंत्र शिकवला गेला. बॉल जमिनीवर ठेवायचा, छोटे पास द्यायचे, त्रिकोण करायचे आणि बॉल समोरच्याला द्यायचा नाही. छोटू यात सॉलिड तयार झाला. यंदा दहावी संपली, अकरावीला नवं कॉलेज मिळालं, कॉलेजच्या टीममध्ये सिलेक्शन झालं. घरी पेढे वगैरे!

आणि पहिल्याच प्रॅक्टिसला सरांनी आपला फंडा सांगून टाकला. "मागे बॉल घोळवत बसायचं नाही. उचलायचा आणि पुढे हाणायचा!" पुढे एक सहा फुटी स्ट्रायकर उभा. बॅकने बॉल हाणायचा, त्याने डोक्याने खेळायचा, बाकीच्यांनी धावायचं. छोटू बिचारा मिडफिल्डमध्ये पास मागत हात वर करून उभा आणि बॉल त्याच्या डोक्यावरून विमानासारखा जातोय. दोन मॅचेसमध्ये हाफ टाइमला बाहेर, तिसऱ्या मॅचला बेंच. आता साहेब म्हणतात, "दादा, मला नाही खेळायचं यापुढे."

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? आहे, बरंच आहे. कारण अकरावी-बारावी हे वय आपल्याकडे खेळ सुटण्याचंच आहे. मुलगा 'नाही खेळायचं' म्हणाला, की घरात कुणी रडत नाही. उलट आई-बाबा मनातल्या मनात सुटकेचा नि:श्वास टाकतात. बरं झालं, आता क्लासकडे लक्ष देईल! एकदा किट माळ्यावर गेलं, की ते खाली येत नाही. अशा वेळी त्याची भाषा कळणारं घरात एकच माणूस असतं. कोण? तुम्ही! दादा, ताई, मामा किंवा मावशी. शनिवारी रात्री मॅच बघायला जागणारे आणि ऑफिसच्या गँगबरोबर टर्फवर खेळून सोमवारी लंगडत लिफ्टमध्ये शिरणारे. तेव्हा हे काम तुमच्याकडेच येणार.

आधी दोन वाक्यं गिळून टाका

पहिलं वाक्य : "तुझी टीमच भिकार आहे रे!" हे ऐकून छोटूला पाच मिनिटं बरं वाटेल. पण त्यानंतर तो त्याच टीमबरोबर, त्याच भिकार लोकांकडून पासची अपेक्षा करत उभा राहणार. ते तोंडावर दिसतं आणि टीममेट्सना लगेच कळतं.

दुसरं वाक्य : "अॅडजस्ट कर, सगळेच करतात." हा सल्ला नाही, ही ढकलाढकली आहे. अॅडजस्ट म्हणजे नेमकं काय करायचं? कुठे उभं राहायचं? कधी धावायचं? हे सांगितलं नाही, तर सोळा वर्षांच्या मुलाला त्याचा अर्थ एकच कळतो, की मला येतं ते काही कामाचं नाही.

खरी गोष्ट या दोन वाक्यांच्या मधे आहे. टीम वाईट नाही आणि छोटूही वाईट नाही. दोघांची भाषा वेगळी आहे. आणि भाषा बदलणं आपल्याला काय नवीन? आईशी मराठी, बॉसशी इंग्लिश आणि रिक्षावाल्याशी आपली ती फेमस हिंदी! म्हणून काय आपण मराठी विसरतो का? छोटूलाही त्याचा खेळ सोडायचा नाहीये. त्याला दुसरी भाषा शिकायची आहे आणि त्या भाषेत आपलं म्हणणं मांडायचंय.

सर वेडे नाहीत

आता सरांच्या बाजूने बघू. कॉलेजच्या मॅचेस ऐन पावसात. मैदान टर्फचं नाही, चिखलाचं. गोलसमोर डबकं. अशा मैदानावर बॅकने शेजारच्याला जमिनीवरून पास दिला आणि बॉल डबक्यात थांबला, तर समोरच्या स्ट्रायकरची दिवाळी! हवेतून गेलेला बॉल निदान डबक्यात अडकत नाही.

दुसरं म्हणजे टीम. अकरा मुलं दहा वेगवेगळ्या शाळांमधून आलेली. एकमेकांचं नाव धड माहीत नाही. पासिंगचा खेळ म्हणजे नुसते पाय नव्हेत, बॉल येण्याआधी दोस्त कुठे असेल हे ओळखता आलं पाहिजे. त्याला महिनेच्या महिने एकत्र खेळावं लागतं. सरांच्या हातात आहेत काही आठवडे. तेवढ्यात 'उचला आणि हाणा' बसवता येतं, त्रिकोण नाही बसवता येत. मैदानाचा आकारही बघा. फुल साइझ मैदान नियमाप्रमाणे किमान ९० मीटर लांब. सोसायटीजवळच्या टर्फवर दोन पासमध्ये गोल दिसतो, इथे पाच पासनंतरही अर्धं मैदान बाकी असतं.

आणि या खेळाला कमी लेखू नका हं! १९८८ साली इंग्लंडच्या एफए कपच्या फायनलला विम्बल्डन नावाची टीम पोचली. उंच बॉल, धसमुसळा खेळ, सगळे नाकं मुरडायचे. समोर होती त्या वर्षी लीग जिंकलेली लिव्हरपूल. विम्बल्डनने १-० ने कप नेला. गोल कसा झाला माहितीये? डेनिस वाइज नावाच्या बुटक्या पोराने डावीकडून फ्री किक टाकली आणि लॉरी सँचेझने हेड केला. म्हणजे सगळ्यात धसमुसळ्या टीममध्येसुद्धा एका नाजूक पायाची जागा होतीच. हे छोटूला जरूर सांगा. हाच वाइज पुढे चेल्सीचा कॅप्टन झाला.

बॉल पडतो कुठे?

आता मुद्द्याचं. 'उचला आणि हाणा' खेळात मिडफिल्डरला काम नसतं, असं छोटूला वाटतंय. खरं म्हणजे उलट आहे. फक्त काम पायात पास घ्यायचं नाही, पडलेला बॉल उचलायचं आहे.

बघा, बॅकने बॉल हाणला, स्ट्रायकर आणि समोरचा बॅक दोघं उडाले. बॉल कुणाच्या तरी डोक्याला लागून खाली येणार. हा जो दुसऱ्यांदा पडलेला बॉल, त्याला म्हणतात सेकंड बॉल. उंच बॉलवर खेळणाऱ्या टीमची सगळी कमाई यावर असते. तो ज्याला मिळतो, त्याच्यासमोर अख्खी डिफेन्स विस्कटलेली असते. आणि त्या क्षणी काय लागतं? पहिल्या टचमध्ये बॉल ताब्यात घेणं आणि दुसऱ्या टचमध्ये डोळस पास. छोटू आठ वर्षं नेमकं काय शिकला? हेच!

म्हणजे त्याचं कौशल्य वाया गेलेलं नाही, त्याचा पत्ता बदललाय. आधी ते मैदानाच्या मधोमध, पाठीमागून पास घेताना लागायचं. आता ते स्ट्रायकरच्या आजूबाजूला, आठ-दहा मीटरच्या परिघात लागणार आहे. त्यासाठी तीन गोष्टी बदलाव्या लागतील.

एक, निघायची वेळ. बॉल हवेत गेल्यावर धावलं तर उशीर झाला. बॅकने मान खाली घालून पाय मागे घेतला, की निघायचं. बस पकडताना आपण ती थांबायची वाट बघतो का? तसंच!

दोन, मान फिरवणं. वर बघण्याआधी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आपला कोण मोकळा आहे, समोरचा कोण अंगावर येतोय? कारण सेकंड बॉल मिळाल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही.

तीन, पहिला टच. टर्फवर बॉल पायाखाली थांबवून मग ठरवता येतं. इथे थांबवला की कुणीतरी येऊन धडकलंच. म्हणून पहिला टचच रिकाम्या जागेकडे काढायचा, नाहीतर एका टचमध्ये सोडून द्यायचा.

याशिवाय एक शॉर्टकट आहे. कॉर्नर आणि फ्री किक! सहा फुटी स्ट्रायकर असलेल्या टीमला नेमका बॉल टाकणारा पाय सोन्यासारखा वाटतो. वाइजचं उदाहरण आहेच. प्रॅक्टिस संपल्यावर छोटूने रोज वीस कॉर्नर मारावेत. सर बघतातच. अशा टीममध्ये शिरायचा दरवाजा बरेचदा कॉर्नर फ्लॅगपाशी असतो.

दोन्ही भाषा येणारा माणूस

छोटूला हीरो दाखवायचाच असेल, तर रियाद महरेझ दाखवा. काटकुळा, ड्रिबल करत जाणारा हा पोरगा जानेवारी २०१४ मध्ये फ्रान्समधल्या ल हाव्रहून लेस्टर सिटीत आला. तेव्हा लेस्टर इंग्लंडमध्ये दुसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये होती. २०१५-१६ मध्ये याच लेस्टरने क्लॉडियो रानिएरींच्या हाताखाली प्रीमियर लीग जिंकून जगाला वेड लावलं. त्यांचा खेळ म्हणजे बॉल कमी वेळ ठेवायचा, मागे दाटीने उभं राहायचं आणि बॉल मिळाला की जेमी वार्डीच्या पुढ्यात सोडायचा. त्यात महरेझने आपलं ड्रिबलिंग सोडलं नाही. ते कुठे वापरायचं, ते ओळखलं. त्या सीझनला त्याने लीगमध्ये १७ गोल केले आणि खेळाडूंनी मत देऊन त्याला वर्षातला सर्वोत्तम ठरवलं.

पुढे २०१८ मध्ये तो गेला कुठे? मँचेस्टर सिटीत, पेप ग्वार्डिओलांकडे. जिथे बॉल सोडणं म्हणजे पाप! तिथेही पाच सीझनमध्ये चार लीग आणि २०२३ ची चॅम्पियन्स लीग. माणूस तोच, पाय तेच, भाषा दोन.

पण एक गोष्ट त्याला आजच सांगा

बेंचवर बसलेल्या मुलाला वाटतं, की मी खराब आहे. त्याला गोव्याच्या ब्रँडन फर्नांडिसची गोष्ट सांगा. जानेवारी २०१९ पर्यंत भारतीय टीमचे कोच होते स्टीफन कॉन्स्टंटाइन. त्यांचा खेळ थेट, ताकदीचा. ब्रँडन तेव्हा एफसी गोवाकडून सर्जिओ लोबेरांच्या पासिंगवाल्या टीममध्ये खेळत होता, पण भारताकडून तो एकही मॅच खेळला नव्हता. मे २०१९ मध्ये इगोर स्टिमॅक कोच झाले. त्यांना जमिनीवरून पासिंग हवं होतं. जूनमध्ये थायलंडला किंग्ज कपमध्ये ब्रँडनने भारताकडून पदार्पण केलं, वय वर्षं २४. आता तो काही एका महिन्यात अचानक चांगला खेळायला लागला नव्हता! टीममध्ये नसण्याला कारणं अनेक असतात, पण टीमला काय हवंय हेही त्यातलं एक मोठं कारण असतं. बेंच म्हणजे तुझ्या खेळावरचा शेवटचा निकाल नाही, हे सोळाव्या वर्षी कुणीतरी सांगायला हवं.

तुमचा वीकएण्ड प्लॅन

आता तुम्ही काय करायचं? चार आठवड्यांचं पॅकेज घ्या. जास्त नाही, शनिवार-रविवार वीस-वीस मिनिटं.

- मोकळी जागा शोधा. तुम्ही वीस मीटरवर उभे राहा आणि गोलकीपरसारखा हाताने उंच बॉल टाका. छोटूने छातीवर, मांडीवर किंवा पायावर घ्यायचा आणि पहिल्याच टचमध्ये बाजूला काढायचा. कुठल्या बाजूला, ते तुम्ही बॉल हवेत असताना ओरडून सांगायचं. 'डावा!' 'उजवा!' मान फिरवायची सवय आपोआप लागते.

- मॅचला जमेल तेव्हा जा, पण बाहेरून कोचिंग करू नका. "छोट्या, पुढे जा!" असं तुम्ही ओरडता, सर "मागे ये" म्हणतात. पोराने कुणाचं ऐकायचं? त्याऐवजी मोबाइलमध्ये दोनच आकडे लिहा. सेकंड बॉलपाशी तो किती वेळा पहिला पोचला आणि त्यातून पुढचा पास किती वेळा आपल्या माणसाला गेला. गोल मोजू नका.

- मॅच संपल्यावर लगेच पोस्टमॉर्टेम नको. आधी वडापाव, मग फुटबॉल. तोही त्याने विषय काढला तरच. आकडे दाखवायचेच असतील तर चौथ्या आठवड्यात पहिल्या आठवड्याशेजारी ठेवून दाखवा. 'तू सुधारलायस' यापेक्षा 'तीनचे सात झाले' हे त्याला जास्त पटतं.

- सरांशी तुम्ही बोलायला जाऊ नका. दादा भांडायला आला, ही बातमी टीमच्या ग्रुपवर पाच मिनिटांत पोचते. छोटूलाच पाठवा, मॅचच्या दिवशी नाही, प्रॅक्टिसनंतर. आणि प्रश्न बदलून पाठवा. 'सर, मला का खेळवत नाही?' या प्रश्नाला सरांकडे ठरलेली उत्तरं असतात. 'सर, आपल्या बॅकने बॉल मारला की मी कुठे असायला हवं?' हा प्रश्न विचारला, की सर खडू घेऊन जमिनीवर आकृती काढायला लागतात.

आणखी एक. या वयात मुलांची वाढ सारखी नसते. वर्गातला एक दाढी करायला लागलेला असतो आणि दुसऱ्याला अजून बाराचं समजून बसमध्ये हाफ तिकीट देतील. छोटू हवेतली झुंज हरत असेल तर त्याला पावडरींचे डबे आणून देऊ नका. त्याला झुंजीत जाऊच नकोस, झुंज संपते तिथे जा, असं सांगा. अंग यायचं तेव्हा येईल.

उलटा केस असेल तर?

काही घरांत गोष्ट बरोबर उलटी असते. भाची गावाकडच्या मैदानावर वाऱ्यासारखी धावून खेळलेली आणि शहरातल्या अॅकॅडमीत आल्यावर सगळे तिला म्हणतात, थांब, वाट बघ, मागे पास दे. तिलाही हेच सूत्र. तिचा वेग सोडायचा नाही, त्याचा पत्ता शोधायचा. पासिंगवाल्या टीमने समोरच्यांना एका बाजूला खेचलं, की दुसऱ्या बाजूला जागा उघडते. त्या जागेत शिरायला वेगच लागतो. फक्त नव्वद मिनिटांत पन्नासदा धावण्याऐवजी दहादाच, पण नेमक्या क्षणी.

आणि नाहीच जमलं तर?

तसंही होतं. झ्लाटन इब्राहिमोविच २००९ मध्ये बार्सिलोनाला गेला. लीगमध्ये १६ गोल केले, टीमने लीगही जिंकली, पण त्याचं आणि त्या खेळाचं काही जुळलं नाही. पुढच्याच वर्षी तो मिलानला गेला आणि मिलानने २०१०-११ ची इटालियन लीग जिंकली. टीम सोडणं म्हणजे हरणं नव्हे. पण सोडायचीच तर मनापासून प्रयत्न करून, सीझन संपल्यावर. मधेच, चिडून नाही. याला अपवाद एकच. मुलाला मारहाण होत असेल, चारचौघांत अपमान होत असेल किंवा दुखापत असताना खेळवत असतील, तर चार आठवडे थांबू नका. तो स्टाइलचा प्रश्न राहिलेला नाही. तिथे मोठ्या माणसानेच जाऊन बोलायचं असतं.

आणि हो, जमलं तर रविवारची अॅकॅडमी चालू ठेवा. कॉलेजात नवी भाषा, रविवारी आपली मायबोली. दोन्ही बोलत राहिला, तर उद्या कुठल्याही टीममध्ये गेला तरी तो मुका राहणार नाही.

हे फक्त फुटबॉलचं आहे असंही नाही. प्रत्येक ईमेलला तीन अप्रूव्हल लागणाऱ्या कंपनीतून, 'करून टाक यार, नंतर बघू' म्हणणाऱ्या कंपनीत तुमच्यापैकी कितीतरी जण गेले असतील. पहिले दोन महिने आपलं सगळं शिक्षण फुकट गेलं असं वाटतं. मग एके दिवशी तुमच्या त्याच शिस्तीमुळे एखादं मोठं डील वाचतं आणि सगळे तुमच्या टेबलापाशी येतात. फरक एवढाच, की तुम्हाला तोवर तग धरायला पगार होता. सोळा वर्षांच्या पोराला कुणीतरी शनिवारी उंच बॉल टाकणारं लागतं.

तेव्हा मंडळी, या वीकएण्डला मॉलचा प्लॅन थोडा पुढे ढकला. बुटांवरचा चिखल झाडा, बॉलमध्ये हवा भरा आणि हाक मारा. दोनदा 'नाही येत' म्हणेल. तिसऱ्यांदा येईल.